खानेसुमारीतली ॲनिस

मेव्हिस क्लेग पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आली तेव्हा मी तिला उडवून लावलं होतं. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे लोक मला फार सहनशील वगैरे म्हणाले, ते काही खरं नाही.

इंग्लंडमध्ये, लँकेशरातल्या कोल्न गावच्या लायब्ररीत वरच्या मजल्यावर माझं टेबल होतं. अडतीस वर्षं मी तिथे जुन्या नोंदी सांभाळल्या. खानेसुमारीच्या फिल्मा, चर्चमधल्या लग्नांच्या नोंदवह्यांच्या नकला, बाप्तिस्मे, दफनं. गिरण्या बंद पडल्या, माणसं रिकामी झाली, आणि त्यांतली निम्मी आपले पूर्वज शोधायला माझ्याकडे यायला लागली. बहुतेकांना आपला खापरपणजोबा कुठल्यातरी उमरावाचा अनौरस मुलगा होता, एवढंच सिद्ध करून हवं असायचं. चार महिने खपल्यावर विणकर, विणकराचा मुलगा विणकर आणि एखादा कोंबड्या चोरून तुरुंगात गेलेला, एवढाच ऐवज निघायचा. मग ते माझ्याकडे असे बघायचे, की त्यांचा उमराव मीच कपाटात दडवून ठेवलाय.

म्हणून १९९९ च्या वसंतात एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई रेनकोट निथळत समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला माझ्या आजीला शोधायचंय," तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं, "फॉर्म भरा. गुरुवारी या."

"गुरुवारी माझं धुणं असतं. मंगळवारी चालेल?"

"मंगळवारी गर्दी असते."

"मग मी गर्दीत बसेन, पोरी. तीनशे मुलांना रोज जेवू घातलंय मी. गर्दीला काय घाबरायचंय?"

ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती, नुकतीच त्यातून सुटलेली. साठीला टेकलेली. मी तेव्हा चाळिशीतली, पण तिच्या लेखी मीही शाळेच्या रांगेत ताट घेऊन उभी राहिलेली पोरच. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा फरकच नाही म्हणून बरं. मराठीत मी तिला अहोजाहो केलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी झटकून टाकलं असतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या भागात 'ह' कुणी उच्चारत नाही. हाऊसचं आऊस, हॅटचं ॲट. माझं नाव सुहासिनी. लायब्ररीचा शिपाई कीथ याने पहिल्याच दिवशी त्यातला ह गिळून सुआसिनी केलं, आठवड्याभरात त्याला तेही जड झालं, आणि मी कायमची 'सू' झाले. हे नाव माहेरी सांगायची सोय नव्हती. आईने पत्रातून विचारलं, तिकडे तुला काय म्हणून हाक मारतात गं? मी तिला हवामान कळवलं.

त्या मंगळवारी मेव्हिस डब्यात चीज आणि कांद्याची पाई घेऊन आली. कीथला एक तुकडा, मला एक, आणि मग तिने आईची गोष्ट सांगायला घेतली.

तिची आई ॲनिस. १९१८ च्या एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी, पाच-सहा वर्षांची असताना ती कोल्न स्टेशनावर उतरली. बरोबर चॅपलमधली, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरातली, कुणी बाई होती. पेटी नाही, कागद नाही, खिशात रुमालात बांधलेला पाव. घ्यायला आलं होतं आर्थर आणि सेरा पिकल्स हे विणकर जोडपं. पिकल्स हे आमच्याकडचं चांगलं घरंदाज आडनाव आहे, लोणच्याशी काही संबंध नाही, उगाच हसू नये. त्यांना मूलबाळ नव्हतं. चॅपलच्या बाईने फलाटावरच मुलीचं आणि तिच्या मेलेल्या बापाचं नाव सांगितलं, हात हातात दिला आणि परतीची गाडी पकडली. पिकल्स माणसं चांगली. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, चॅपलला जाताना पोरीच्या डोक्यावर टोपी असायचीच. तिची जन्मतारीख काही त्यांना ठाऊक नव्हती, तेव्हा एप्रिलचा तो पहिला रविवारच वाढदिवस धरायचं ठरलं.

निघताना ॲनिसला तिची आई म्हणाली होती, "थोडे दिवस राहा. मग मी येते."

ती आली नाही. ॲनिसला घरातल्या आठवायच्या त्या तीनच गोष्टी. आईचं नाव एलन, थोरल्या भावाचं नाव जो, आणि एक खोली, जिच्या जमिनीवर गोटी ठेवली की ती आपोआप खिडकीकडे चालायला लागायची. ढकलायची नाही, नुसती ठेवायची. सेरा पिकल्स म्हणायची, काहीतरीच, पोरीच्या डोक्यातलं खूळ.

"आणि माझी आई रोज संध्याकाळी जेवण वाढायच्या आधी माणसं मोजायची," मेव्हिस म्हणाली. "पळीने. एक, दोन, तीन, चार. बाबा, माझे दोन भाऊ, मी. रोज चारच भरायचे. मग बाबा विचारायचे, 'आणि तू गं? तू काय बाहेर जेवणार?' स्वतःला मोजायचं तिच्या कधी लक्षातच यायचं नाही. आम्ही पोट धरून हसायचो."

सांगतानाही ती हसली. मग चष्मा काढून पुसत बसली.

"गेल्या वर्षी गेली. पंच्याऐंशी वर्षांची झाली होती. शेवटच्या आठवड्यातसुद्धा तेच. 'विसरली असेल मला. घरात इतकी पोरं असली की एखादं कमी झालेलं कळत नाही, मेव्हिस.' अगदी शांतपणे म्हणायची, राग नाही, काही नाही. मला उमराव नको, सू. घरदार नको. माझ्या आजीला माझ्या आईची आठवण होती का, एवढंच मला कळू दे."

"हे खानेसुमारीत लिहिलेलं नसतं," मी म्हटलं.

"काय लिहिलेलं असतं?"

"नाव. वय. धंदा. घरात त्या रात्री कोण होतं ते."

"मग तिथून सुरुवात करू," ती म्हणाली आणि कोट खुर्चीला अडकवला.

सुरुवात झाली लग्नाच्या नोंदीपासून. १९३६, ॲनिस हीटन, ऊर्फ पिकल्स, कुमारिका, विणकर. बापाच्या रकान्यात जोसेफ हीटन, मजूर, मयत. खाली ॲनिसची सही. हीटनच्या सुरुवातीचा एच तिने एवढा थोरला काढला होता, की बाकीची अक्षरं त्याच्या मागे दबकून उभी होती.

"बघ तरी," मेव्हिस म्हणाली. "बागेच्या फाटकाएवढा! सेराआजीने चर्चच्या दारातच दम भरला होता म्हणे, पाद्र्यासमोर ह नीट घाल, आपण काही अडाणी नाही."

मी हसले आणि टिपणवहीत लिहून घेतलं, हीटन. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर ते नाव आहे आणि त्याखाली दोनदा रेघ मारलेली आहे.

लँकेशरमध्ये मेंढ्या जास्त की हीटन जास्त, हे मला कुणी विचारलं तर मी विचार करायला वेळ मागेन. तेवीस वर्षं आम्ही हीटन उपसले. मेव्हिस दर मंगळवारी दहाला यायची, खिडकीशेजारची खुर्ची धरायची, आणि एकेक गाव संपवायची. बोल्टनमध्ये एक एलन सापडली, नवरा जोसेफ, मुलगा जो. सहा महिने आम्ही दोघी तिच्या प्रेमात होतो. मग जोसेफ १९४० पर्यंत ठणठणीत असल्याचं निघालं. चोर्लीला एक म्हातारे हीटन होते, मेव्हिस त्यांना भेटायला बस बदलत बदलत जाऊन आली. आल्यावर हळूच म्हणाली, "त्यांचं नाक माझ्यासारखं आहे, सू." तेही जुळलं नाही. पण ती त्यांना दर नाताळात कार्ड पाठवत राहिली. नाकासाठी.

मला कधीकधी या सगळ्याचा राग यायचा. लग्नानंतर सासऱ्यांनी मला नाशिकला नेलं होतं. तिथल्या उपाध्यायांनी लाल चोपडी काढून दहा मिनिटांत आपट्यांच्या सात पिढ्या वाचून दाखवल्या, बाप, आजा, पणजा, सगळे झाडून पुरुष. मी विचारलं, यांच्या बायका? गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चोपडी मिटली. इथे निदान बाईचं नाव लिहितात, वय लिहितात, कामधंदा लिहितात, आणि तरी मेव्हिसची एक बाई सापडू नये, हे मला जिव्हारी लागायचं.

खानेसुमारीचे कागद शंभर वर्षं बंद असतात. एकतीस सालचे जळून गेले, एक्केचाळीस साली लढाई चालू असल्याने मोजणीच झाली नाही. म्हणजे १९२१ चे कागद ही शेवटची आशा. ते उघडले २०२२ च्या जानेवारीत. मेव्हिस तेव्हा ब्याऐंशीला आली होती. गुडघे गेले होते, पण पायऱ्या चढून यायची आणि वर आल्यावर दोन मिनिटं कठड्याला धरून, मी दमले नाहीये, असा चेहरा करायची.

नावांची यादी आमच्या लायब्ररीतही बघता यायची, पण मूळ कागद फुकट बघायला मँचेस्टरच्या मोठ्या लायब्ररीत जावं लागत होतं. फेब्रुवारीत आम्ही गेलो. १९२१ च्या जूनमध्ये प्रत्येक घराने आपापला कागद स्वतःच्या हाताने भरला होता. वय वर्षं आणि महिने असं दोन्ही लिहायचं होतं. आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांपुढे आईबाप दोन्ही जिवंत आहेत, की एक गेलाय, की दोन्ही, तेही.

आर्थर पिकल्सचा कागद लगेच सापडला. ॲनिस पिकल्स, दत्तक मुलगी, वय नऊ वर्षं दोन महिने. त्या एप्रिलच्या रविवारपासून मोजलेले दोन महिने. मेव्हिसने पडद्यावरच्या नावाला बोट लावलं. मग ते बोट पुढच्या रकान्यात गेलं आणि तिथेच थांबलं.

"बाप मयत," तिने वाचलं. "फक्त बाप?"

"फक्त बाप."

"म्हणजे आर्थरआजोबांना माहीत होतं. तीन वर्षं झाली होती, ती जिवंत होती, आणि आली नाही."

मी काहीतरी पुटपुटले. तिने ऐकलं नाही.

"मी मनातल्या मनात तिला केव्हाच मारून टाकलं होतं, सू. तापाने, नाहीतर बाळंतपणात. मेलेली असली म्हणजे बरं असतं. कुणी तिला विचारत नाही, का आली नाहीस म्हणून."

 पुढच्या मंगळवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. खिडकीशेजारची खुर्ची रिकामी असायची. एकदा एक उमराववाला तिथे बसायला गेला, तर मी त्याच्या अंगावर धावूनच गेले, ती जागा राखीव आहे म्हणून. तो म्हणाला, कुणासाठी? मी खुर्चीवर माझी पिशवी ठेवली. कीथ सांगायचा, बाजारात दिसली, ठीक दिसतेय, कोबी निवडत होती. मी फोन करायचे, ती हवापाण्याचं बोलायची. मला तिची फार आठवण यायची. मंगळवार माझ्या अंगावर यायला लागला होता.

जूनमध्ये मी निवृत्त झाले. खालच्या हॉलमध्ये छोटासा समारंभ ठेवला होता. मेयरबाई येणार होत्या, कीथने गळ्यात टाय बांधला होता. आणि दार ढकलून मेव्हिस आत आली, दोन्ही हातांत भलामोठा केक.

"तुझं रडणं-बिडणं व्हायच्या आत काप," ती म्हणाली. "क्रीम वितळतंय."

केकवर निळ्या साखरेने सुबक अक्षरांत लिहिलं होतं, मिसेस हॅपटे.

"हे कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तू."

"माझं नाव आपटे आहे."

"तेच तर लिहिलंय."

"अगं, त्यात ह नाहीये, मेव्हिस. मुळातच नाहीये."

ती गोंधळली. "असं कसं? आम्ही आपलं आपटे-आपटे करत आलो इतकी वर्षं, म्हटलं ह आम्हीच गिळला असणार. आमची जीभ माहीत आहे ना तुला. आज मेयरबाई येणार, चार लोक बघणार, म्हटलं आज तरी तुझा ह तुला परत द्यावा. उगाच अडाणी दिसायला नको."

"मीपण कार्डावर हॅपटेच लिहिलंय," कीथ मागून म्हणाला. "तसंच असणार असं वाटलं. माणसाच्या नावातला ह खाल्ला तर निदान निरोपाला तरी ओकावा."

सगळा हॉल हसला. मीही हसत होते, सुरी हातात होती, आणि ती केकवर टेकवता टेकवता माझा हात थबकला. सुहासिनीत ह होता, तो यांनी खाल्ला. आपट्यांत नव्हता, तो यांनी घातला. जिथे चार लोक बघणार, तिथे घातला.

"मेव्हिस," मी म्हटलं, "पाद्र्यासमोर ह नीट घाल, असं कोण म्हणालं होतं?"

"सेराआजी. का गं?"

"तिने ते आडनाव कुठे लिहिलेलं पाहिलं होतं?"

"कुठे पाहणार? फलाटावर चॅपलच्या बाईने सांगितलं तेवढंच. ऐकलेलं."

"काय ऐकलं असेल तिने?"

"ईटन," मेव्हिस आपल्या रोजच्या उच्चारात म्हणाली. "ईटन म्हणजे हीटनच की."

"ईटन म्हणजे ईटनसुद्धा असतं गं! बिनाहचं. चेशरमध्ये ढिगाने आहेत. तुझ्या सेराआजीला वाटलं, ह आपणच गिळतोय, म्हणून तिने परत लावला. तू आत्ता मला लावलास ना, तसाच."

मेव्हिस भिंतीशेजारच्या खुर्चीवर बसली. तिचे ओठ हलत होते. ईटन, हीटन, ईटन. तेवढ्यात मेयरबाई आल्या. मी त्यांना नमस्कार केला, सुरी कीथच्या हातात दिली आणि मेव्हिसच्या काखेत हात घालून जिना चढायला लागले. माझ्या निरोपाचं भाषण माझ्यावाचूनच झालं. चांगलं झालं म्हणतात.

वरच्या कम्प्युटरवर चार मिनिटंही लागली नाहीत. एलन ईटन, विधवा, नॉर्थविच, चेशर. जोसेफ, मार्था, फ्रेड. यादीत घरातली माणसं चार.

"नॉर्थविच म्हणजे मिठाच्या खाणी," मी म्हटलं. "जमिनीखालचं मीठ शेकडो वर्षं उपसलं, वरची घरं खचली. अख्ख्या गल्ल्या कललेल्या होत्या तिथे."

मेव्हिस पडद्याकडे बघत राहिली.

"गोटी," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी रडलो, आणि हे मी लपवणार नाही, चांगलं मोठ्याने रडलो. खालून टाळ्यांचा आवाज येत होता.

"आई त्या यादीत नसणारच," डोळे पुसून ती म्हणाली. "ती तेव्हा इथे होती. मला माहीत आहे. पण कागद त्या बाईने स्वतः भरला असेल ना? मला तिचं अक्षर तरी बघू दे. तिचा फोटो नाही, चिठ्ठी नाही, काही नाही आमच्याकडे."

पुढच्या मंगळवारी आम्ही बर्नलीला बस बदलून पुन्हा मँचेस्टरला गेलो. मेव्हिसने लग्नामौतीला घालायचा निळा कोट घातला होता, जून महिना असून. वाटेत एकदाच बोलली. "ती मला आवडली नाही तर गं?" मी म्हटलं, "अक्षर वाईट असलं तर परत येऊ." ती हसली नाही.

कागद पडद्यावर आला. अक्षर तिरकं, जपून काढलेलं, शाळेत छडीखाली गिरवलेलं असावं तसं. कोपऱ्यात शाईचा डाग. एलन ईटन, घरप्रमुख, अडतीस वर्षं चार महिने, विधवा, मीठ भरण्याचं काम. जोसेफ, मुलगा, सतरा वर्षं एक महिना. मार्था, मुलगी, तेरा वर्षं शून्य महिने.

त्याच्या खालची ओळ लाल शाईने खोडली होती. पट्टी धरून मारलेली सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेला लाल शाईतच, दुसऱ्याच कुणाच्या घाईच्या अक्षरात, 'त्या रात्री घरात नाही'. आणि रेघेखालचं काळं अक्षर जसंच्या तसं वाचता येत होतं.

ॲनिस ईटन. मुलगी. आठ वर्षं सात महिने.

त्याखाली फ्रेड, पाच वर्षं.

मी कागद भरायचे नियम सांगू लागले, घाबरून सांगू लागले म्हणा ना. त्या रात्री जो घरात झोपला तोच लिहायचा असतो, बाहेरगावी असलेल्याचं नाव घालायचं नसतं, ते चुकीचं होतं, म्हणून कागद गोळा करणाऱ्याने कापलं, आणि कापलेलं नाव यादीत घेतलेलं नाही, म्हणून आपल्याला दिसलं नाही.

"चुकीचं?" मेव्हिस म्हणाली. एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "कुणी विचारलं होतं त्या मेल्याला? आणि पट्टी घेऊन! बघ कशी सरळ ओढलीय. एवढी हौस होती तर घरी जाऊन कुंपण घालायचं होतं."

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं.  मग ती बोटांवर मोजत मागे मागे जायला लागली. जून, मे, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर.

"नोव्हेंबर," ती म्हणाली. "आई नोव्हेंबरमधली होती, सू. आम्ही जन्मभर एप्रिलमध्ये केक कापला. आर्थरआजोबांनी नऊ वर्षं दोन महिने लिहिलं, त्यांना बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? हिला माहीत होतं. पोर तीन वर्षं घरात नाही, आणि सात महिने लिहिलेत बाईने. विसरली असती तर महिने कुठून आणले असते तिने?"

 मी तिचा हात धरला. हात गार होता.

"मृत्यूच्या नोंदी बघू का?" मी विचारलं. "पुढे तिचं काय झालं, का आली नाही, तेही सापडेल. नाव मिळालंय आता."

"नको," ती म्हणाली. "आज नको. यायचं होतं तिला, आलं नसेल जमलं. मला विचारायचं होतं ते विचारून झालं. फक्त आई असायला हवी होती गं. चोवीस वर्षं उशीर केला आपण. तिच्यासमोर हा कागद धरायला हवा होता मला."

कागदाच्या तळाशी एक चौकोन होता, घरातली एकूण माणसं लिहायचा. तिथेही लाल शाई होती. एलनने लिहिलेल्या आकड्यावर काट मारून शेजारी चार असं लिहिलेलं. मेव्हिस पुढे झुकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट वरच्या ओळीवर ठेवलं. एक. दोन. तीन. खोडलेल्या ओळीवर बोट जरा जास्त वेळ थांबलं. चार. मग फ्रेड.

"खाली चार लिहिलंय," मी उगाचच म्हटलं.

"तो परका माणूस," मेव्हिस म्हणाली. "घरच्या बाईला विचार. पाच, सू. जेवायला पाच."